पिप्पीच्या चालीचा बाप : सॉदरहाम्न ते ऊतानम्यूरा

स्वीडनमधे लहान मूल वाढवायचं म्हणजे पिप्पीचं गाणं पाठ व्हायलाच लागतं, तुमची इच्छा असो नसो. दोन उभ्या वेण्या, अंगात घोडा उचलायची ताकद आणि घरात आईबाप नाहीत, अशी ही आस्त्रिद लिंडग्रेनबाईंची पिप्पी, तिच्या टीव्ही सिरीयलचं टायटल साँग आमची लेक बालवाडीत शिकून आली आणि पुढचे कित्येक महिने आंघोळीपासून वरणभातापर्यंत तेच चालू. सासरे पुण्याहून आले होते, ते भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांनी दोन दिवस ऐकलं आणि विचारलं, "अगं, ही चाल कुणाची? साधी वाटते पण बांधणारा माणूस साधा नाही." म्हणून शोधलं तर नाव निघालं यान योहान्सन. शब्द लिंडग्रेनबाईंचे, चाल याची. आणि हाच माणूस 'याझ पो स्वेन्स्का' या रेकॉर्डवाला, म्हणजे 'स्वीडिशमधलं जॅझ', जी इथल्या प्रत्येक कॉफी शॉपमधे, प्रत्येक डेंटिस्टच्या वेटिंग रूममधे हळू आवाजात वाजत असते आणि जिचं नाव विचारायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तर ऑगस्टमधल्या सुट्टीत फ्योर्ड बघायला नॉर्वेला जायचं घाटत होतं ते बाजूला ठेवलं आणि या बाबाच्या मागावर निघालो. नवरा म्हणाला, "फ्योर्ड सोडून पियानिस्ट?" पण गाडी त्यानेच चालवली.

गुरुवार, स्टॉकहोम

गावातल्या गावातच पहिला दिवस काढला. बाबांना (सासऱ्यांना मी बाबाच म्हणते) जॅझ म्हणजे हिंदी सिनेमातल्या क्लबच्या सीनमधे वाजतं ते, एवढीच ओळख, त्यामुळे थोडी पूर्वतयारी गरजेची होती.

रेयेरिंग्सगातान रस्त्यावर 'नालेन' आहे, तिथून सुरुवात. तीसच्या दशकापासून 1967 पर्यंत हे स्टॉकहोमचं डान्स आणि जॅझचं मोठं ठिकाण. चालवणारा होता टॉप्सी लिंडब्लूम, 1912 च्या ऑलिम्पिकमधे तिहेरी उडीत गोल्ड मेडल मिळवलेला गडी! बाबांना जॅझपेक्षा हेच जास्त आवडलं. नंतर मधली बरीच वर्षं ती जागा प्रार्थनेसाठी वापरली गेली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी परत गाणंबजावणं सुरू झालं. दुपारी आम्ही गेलो तर दार बंद, बाहेरून फोटो काढले, झालं.

तिथून चालत स्वेआवेगेनवर, 41 नंबरची आबेएफची बिल्डिंग. कामगार चळवळीच्या शिक्षण संस्थेची ही इमारत, इथे 1962 ते 67 'युलेने सिर्केल्न' म्हणजे गोल्डन सर्कल नावाचा क्लब होता. अमेरिकन पियानिस्ट बिल एव्हान्स इथे वाजवून गेला, सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनने 1965 च्या डिसेंबरात इथेच लाइव्ह रेकॉर्डिंग केलं, जॅझवाले अजून त्या रेकॉर्डची नावं घेतात. आता बाहेरून बघितलं तर आपल्याकडच्या एखाद्या सरकारी सभागृहासारखी सरळसोट इमारत. साठच्या दशकात हे शहर जॅझवाल्यांच्या युरोप दौऱ्यातलं हमखास स्टेशन होतं, अमेरिकन आले की इथल्या पोरांना बरोबर घेऊन वाजवायचे.

आणि त्यातूनच एक गंमत झाली होती, यानच्याही आधी. स्टॅन गेट्झ हा अमेरिकन सॅक्सोफोनवाला 1951 ला स्टॉकहोमला आला, तेव्हा इथल्या पोरांबरोबर त्याने वर्मलांद प्रांताचं एक जुनं लोकगीत रेकॉर्ड केलं. पियानोवर बेंग्त हाल्बेरी. अमेरिकेत ते 'डिअर ओल्ड स्टॉकहोम' या नावाने गेलं आणि पुढे ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसनेही वाजवलं. म्हणजे स्वीडिश लोकगीताचं जॅझ होऊ शकतं हे आधी एका पाहुण्याने दाखवलं. पण ते ऐकलंत तर कळेल की त्या गाण्याला अमेरिकन कोट घातलेला आहे, छान फिटिंगचा, पण कोट. यानने पुढे जे केलं ते उलटं, ते ऊतानम्यूराला गेल्यावर सांगते.

संध्याकाळी फाशिंगला. कुंग्सगातानवरचा हा क्लब 1977 ला सुरू झाला, म्हणजे यान गेल्यानंतर नऊ वर्षांनी, त्यामुळे त्याचा इथे संबंध नाही, पण बाबांना जिवंत जॅझ ऐकवायचं होतं. तरुण पोरांचं चौकडं होतं. बाबा पहिली वीस मिनिटं हाताची घडी घालून बसले, मग बासवाल्याने (ते माणसाएवढं उभं व्हायोलिन असतं ना, ते) एकट्याने काहीतरी सुरू केलं तेव्हा पुढे सरकले आणि मांडीवर ठेका धरला, तो कुठे चुकला नाही. बाहेर पडल्यावर नवऱ्याने त्यांना 'म्युन्ता' बँडचं सांगितलं, स्टॉकहोममधला जुना बँड, त्यात आपले मुंबईचे फजल कुरेशी तबल्यावर आणि शंकर महादेवनही त्यांच्याबरोबर गायलेत. बाबा म्हणाले, "मग तिकडे का नाही नेलंस?" बरोबर आहे.

शुक्रवार, सॉदरहाम्न

ई-4 हायवेने उत्तरेला, उप्साला, येव्ले करत साधारण अडीचशे किलोमीटर. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, कारण इथल्या हायवेवर खायला मिळतं ते हॉटडॉग. येव्लेला कॉफीसाठी थांबलो, स्वीडनमधला कॉफीचा मोठा ब्रँड गेवालिया मूळचा इथलाच. हे तेच गाव जिथे डिसेंबरात चौकात भलामोठा गवताचा बोकड उभा करतात आणि कुणीतरी रात्रीत तो पेटवून देतं. लेकीला ही गोष्ट इतकी आवडली की पुढचे शंभर किलोमीटर "बोकड का जाळतात" एवढाच विषय.

सॉदरहाम्न म्हटलं की आयकियाचा सोफा आठवतो, त्याच नावाचा आहे. गाव मात्र जुनं, 1620 चं, राजा गुस्ताव दुसरा आडोल्फ याने इथे बंदुकांचा कारखाना उभारला त्यातून वाढलेलं, त्या कारखान्याच्या इमारतीत आता म्युझियम आहे. 1721 ला रशियन सैन्याने येऊन गाव जाळलं, मग 1876 ला पुन्हा आग. हे वाचून मला हसू आलं कारण इथेच जन्मलेल्या यानने 1967 ला 'याझ पो रिस्का' काढली, म्हणजे 'रशियनमधलं जॅझ', व्होल्गा नदीवरचे नावाडी, मॉस्कोच्या संध्याकाळी, सगळं आहे त्यात. गाव जाळणाऱ्यांची गाणी इतक्या प्रेमाने वाजवलीत की बस.

यानचा जन्म 16 सप्टेंबर 1931. अकराव्या वर्षी पियानो शिकायला लागला, क्लासिकल, मग हळूहळू स्विंग आणि बीबॉप या जॅझच्या प्रकारांचं वेड. गिटार, ऑर्गन, अ‍ॅकॉर्डियन, जे हाताला लागेल ते. आणि मग मराठी माणसाला लगेच कळेल असा टप्पा येतो, पोरगं हुशार म्हणून इंजिनियरिंगला गेलं. गोथेनबर्गचं चाल्मर्स, आजही तिथे आपली ढीगभर पोरं एमएसला येतात. तिथे संध्याकाळी वाजवायचा, मग गुन्नार योन्सनच्या क्विंटेटमधे, म्हणजे पाच जणांच्या बँडमधे लागला आणि डिग्री तशीच राहून गेली. मी हे गाडीत मोठ्याने वाचून दाखवलं तर नवरा (मेकॅनिकल, फर्स्ट क्लास) गप्प, आणि बाबा म्हणाले, "आमच्याकडे असतं तर बापाने पेटी माळ्यावर टाकली असती." बाबांची स्वतःची पेटी बँकेतून रिटायर होईपर्यंत माळ्यावरच होती, हे मला माहीत होतं म्हणून मी काही बोलले नाही.

दुपारी ओस्कार्सबोरीवर चढलो. गावाच्या पूर्वेच्या टेकडीवर 1895 साली बांधलेला दगडी मनोरा, किल्ल्याच्या बुरुजासारखा दिसतो पण लढाईशी काही संबंध नाही, हौसेने बांधलेला. वरून गाव, मधून जाणारी छोटी नदी, लाकडाचे कारखाने आणि पलीकडे बेटंच बेटं. वारा असा की लेकीची टोपी गेली ती गेलीच. खाली कॅफेत कॉफी आणि दालचिनीचा बन घेतला, शेजारच्या टेबलावर दोन आजोबा होते, त्यांना विचारलं यान योहान्सन इथलाच ना, तर एकाने नुसती मान हलवली आणि दुसऱ्याने टेबलावर दोन बोटांनी पियानो वाजवल्यासारखं करत पिप्पीची पहिली ओळ गुणगुणली. आमची लेक उडालीच! तिला वाटलं आजोबा तिच्याच बालवाडीतले. मग दोघांनी मिळून अख्खं गाणं म्हटलं, काउंटरवरची मुलगीसुद्धा सामील. नाव निघालं की चाल येते पण माणूस येत नाही, असं त्या प्रवासात पुढेही होत राहिलं.

रात्री दहा वाजले तरी उजेड. बाबा खिडकीला पांघरूण लावून झोपले.

शनिवार, हेल्सिंगलांद ओलांडून रेट्विक

सकाळी गावाजवळच सॉदराला भागात एरिक-आंदर्सचं शेतघर बघितलं. या हेल्सिंगलांद प्रांतातली सात शेतघरं 2012 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, त्यातलं हे एक. बाहेरून दोन मजली लाकडी वाडा, आत गेलं की भिंतीवर थेट रंगवलेली नक्षी, आणि त्यातल्या कितीतरी खोल्या फक्त सणासमारंभासाठी. जवस आणि जंगलाच्या पैशावर शेतकऱ्यांनी बांधलेली. वर्षातून दोनदा लग्नकार्य निघणार म्हणून अख्खा मजला सजवून ठेवायचा, ही हौस मला फार ओळखीची वाटली. 'याझ पो स्वेन्स्का'मधे लग्नाच्या चाली बऱ्याच आहेत, नवरीची वरात, जुनी लग्नाची मिरवणूक, आणि लेक्सान्दची एक चाल आहे ती लग्नात आहेर देताना वाजवायची! म्हणजे आहेर लिहून घेणारा एक आणि शेजारी व्हायोलिनवाला उभा. ही गाणी या असल्या खोल्यांमधे वाजलेली, हे बघितल्यावर ती रेकॉर्ड वेगळी ऐकू यायला लागली, खरंच.

मग बोल्नेसवरून पश्चिमेला, नुसतं जंगल, पाऊस, लाकडाचे ट्रक. गाडीत बाबांना यानची पुढची गोष्ट सांगत होते ती अशी. पन्नासच्या दशकाच्या शेवटी तो कोपनहेगनला गेला. तिथे तेव्हा स्टॅन गेट्झ येऊन राहिला होता, 1959 ला काफे मोंमार्त्र सुरू झालं आणि गेट्झ, बासवर ऑस्कर पेटिफोर्ड, पियानोवर आपला यान असे रात्रीमागून रात्री वाजवायचे. पेटिफोर्ड म्हणजे बास वाजवण्याची पद्धतच बदलणाऱ्या लोकांपैकी. 1960 ला नॉर्मन ग्रांझ या अमेरिकन आयोजकाच्या 'जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक' या दौऱ्यात यानला घेतलं, त्यात बोलावलेला तो पहिला युरोपियन म्हणतात. विशीतला पोरगा, डिग्री अर्धवट, आणि एका स्टेजवर जगातले सगळ्यात मोठे लोक. कुणीही इथून अमेरिकेला गेला असता. हा 1961 ला स्टॉकहोमला आला, आर्ने दोमनेरुस या स्वीडिश सॅक्सोफोनवाल्याच्या ऑर्केस्ट्रात लागला, रेडिओवर कामं घ्यायला लागला. बाबांना हे पटलं नाही. त्यांच्या मते अमेरिकेला जायला हवं होतं. आणि मला वाटतं तो गेला असता तर एक चांगला अमेरिकन पद्धतीचा पियानिस्ट झाला असता, तसे अमेरिकेत गल्लोगल्ली होते. यावर रेट्विक येईपर्यंत आमचा वाद चालला, नवरा मधेमधे "डावीकडे बघा, मूस" (इथलं भलंमोठं हरीण) म्हणून विषय बदलत होता, मूस एकदाही नव्हता.

रेट्विकला सिल्यान तलावात लांबच लांब लाकडी धक्का आहे, 628 मीटर, त्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. हा तलाव म्हणजे साधारण 38 कोटी वर्षांपूर्वी उल्का पडून झालेल्या प्रचंड विवराचा भाग, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या विवरांपैकी एक. आपल्या लोणारला ही मोठी बहीण म्हणायला हरकत नाही. जवळच दालहाला, चुनखडीची जुनी खाण, तिचं आता उघड्यावरचं नाट्यगृह केलंय, खाली तळाशी स्टेज. कार्यक्रमाची तिकिटं संपली होती, वरून डोकावून आलो.

रविवार, सोलरोन आणि ऊतानम्यूरा

ज्याच्यासाठी आलो तो दिवस.

'याझ पो स्वेन्स्का'मधलं पहिलंच गाणं 'विसा फ्रोन ऊतानम्यूरा', म्हणजे ऊतानम्यूरा गावचं गाणं. हे गाव सिल्यान तलावातल्या सोलरोन नावाच्या बेटावर आहे. बेट म्हटलं तरी पूल आहे, मोराकडून गाडीने आरामात जाता येतं. मोरा म्हणजे त्या 90 किलोमीटरच्या वासालोप्पेत स्कीइंग शर्यतीचं शेवटचं टोक आणि चित्रकार आंदर्स सोर्न याचं गाव. सोर्नचं म्युझियम बघितलं, पण मला त्याच्या चित्रांपेक्षा त्याची दुसरी कामगिरी महत्त्वाची वाटते. 1906 साली त्याने सोलरोनच्या समोरच्या काठावर येसुंदा गावात लोकवादकांची स्पर्धा भरवली, व्हायोलिनवाले, शिंग फुंकणारे, सगळे आसपासच्या खेड्यातले. तेव्हा गावोगाव अ‍ॅकॉर्डियन आलं होतं आणि जुन्या चाली मागे पडत होत्या, काही धर्मभोळ्या लोकांना तर व्हायोलिन म्हणजे सैतानाचं वाद्य वाटायचं. त्या स्पर्धेमुळे हवा बदलली. 1908 ला लोकसंगीताचं कमिशन स्थापन झालं, त्यात सोर्न होता आणि लुंदचा निल्स आंदर्सन म्हणून एक कायद्याच्या पेशातला माणूस होता. हा आंदर्सन नोकरी सांभाळून खेडोपाडी फिरायचा, म्हाताऱ्या वादकांसमोर बसायचा आणि ऐकून ऐकून चाली कागदावर उतरवून घ्यायचा. तो 1921 ला गेला, पण त्याने जमवलेलं 'स्वेन्स्का लोतार' या नावाने 1922 पासून 1940 पर्यंत खंडामागून खंड छापून निघालं. हजारो चाली. आणि यानने त्याच्या रेकॉर्डसाठी हे खंड उघडले. म्हणजे एखाद्या म्हाताऱ्याचं वाजवणं, मग आंदर्सनचा कागद, मग यानचा पियानो, मग आमच्या डेंटिस्टची वेटिंग रूम.

ऊतानम्यूरा म्हणजे लाल रंगाची लाकडी घरं, पांढऱ्या चौकटी. तो लाल रंग फालुनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा, अख्ख्या देशात तोच. वाळत घातलेलं गवत, खडीचा रस्ता, दोन टपालपेट्या, एक मांजर. गावाच्या नावाची पाटी दिसली तिथे गाडी बाजूला घेतली. माणूस कुणी नाही. डास मात्र सगळे हजर. बेटावर वायकिंग काळातल्या थडग्यांचे दगडी ढीग आहेत तिकडे लेकीला घेऊन नवरा गेला, आणि मी आणि बाबा गाडीची दारं उघडी टाकून, इंजिन बंद करून गाणं लावून बसलो.

फक्त पियानो आणि डबल बास. ड्रम नाहीतच. बासवर गेओर्ग रीडेल, हा 1934 ला कार्ल्सबादला जन्मलेला, चार वर्षांचा असताना घरच्यांबरोबर स्वीडनला आलेला. आधी यान नुसती चाल वाजवतो, जशी आहे तशी, उजव्या हाताने एकेक सूर, डावा हात जेमतेम. आपण वाट बघतो की आता काहीतरी करेल, हा करतच नाही. कडव्याच्या शेवटचा सूर लावतो आणि सोडून देतो, तो विरेपर्यंत घाई नाही. मग हळूच ब्लूजचा, म्हणजे काळ्या अमेरिकन लोकांच्या गाण्यातला, एक उतरता सूर मधे येतो, इतका सहज की तो त्या गाण्यात आधीपासून असणार असंच वाटावं. रीडेलचा बास चालत असतो पण ढकलत नाही. चार मिनिटांत परत मूळ चालीवर. संपलं. कसलीही हातचलाखी नाही, आणि हे लक्षात घ्या की हा माणूस दोन वर्षांपूर्वी गेट्झच्या मागे तुफान वेगात वाजवत होता, म्हणजे येत नव्हतं म्हणून नव्हे, केलं नाही. गाण्याला कोट घातला नाही. उलट जॅझकडे जे जास्तीचं होतं तेच काढून ठेवलं.

बाबांनी परत लावायला सांगितलं. परत. तिसऱ्यांदा म्हणाले, "हा सूर धरून ठेवत नाही बघ. आमच्या पेटीवाल्यांना हीच खोड, भाता मारला की सूर सोडवत नाही." मग थोड्या वेळाने, "आणि तबला नाही ते बरंच केलं."

1962 ते 64 मधे हे सगळं थोडं थोडं करून रेकॉर्ड झालं, 1964 ला एलपी निघाली. आतापर्यंत अडीच लाखांवर खपली, स्वीडिश जॅझमधे इतकी खपलेली दुसरी रेकॉर्ड नाही. त्यातलं 'एमिग्रांतविसा' म्हणजे परदेशी निघालेल्यांचं गाणं, ते मी बाबांना लावलं नाही. इथून साधारण बारा-तेरा लाख माणसं उपासमारीने आणि गरिबीने अमेरिकेला गेली, त्यांचं ते. बाबांचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्यातलं होतं, उगाच कशाला.

जेवण एका बाकावर, सकाळी हॉस्टेलच्या किचनमधे केलेला भात आणि लोणचं. नंतर रस्त्याकडेच्या जंगलात ब्लूबेरी गोळा केल्या. इथे जंगल कुणाचंही असो, फिरायची आणि फळं तोडायची सगळ्यांना मुभा असते. लेकीचे दात, जीभ, टीशर्ट सगळं जांभळं. एक सायकलवाल्या बाई थांबल्या, कुठून आलात वगैरे झालं, मी सांगितलं की गाण्यामुळे आलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या की असे लोक येतात अधूनमधून, मग गाडीत बसून तेच गाणं ऐकतात. म्हणजे आमच्यात नवीन काही नव्हतं.

सोमवार, परत

नुसनेसला दालार्ना प्रांताचे ते प्रसिद्ध लाकडी घोडे बनवतात तिथे थांबलो, बाबांना सोसायटीतल्या नातवंडांसाठी घ्यायचे होते, किंमत बघून एकच घेतला. लेक्सान्दला क्नेकेब्रेद, ती कडक कुरकुरीत भाकरी, दोन पाकिटं. मग सरळ घर.

आम्ही राहतो सोलेन्तुनाला, किस्त्याच्या आयटी पार्कला लागून, आपली बरीच मराठी मंडळी याच भागात आहेत. आणि यान गेला तो इथेच. 9 नोव्हेंबर 1968, यॉनशोपिंगला एका चर्चमधे कार्यक्रम होता, त्यासाठी निघाला आणि सोलेन्तुनात गाडीची बसशी टक्कर झाली. वय 37. त्या वर्षी त्याचं काम जोरात होतं, आदल्याच वर्षी सुरू झालेला रेडिओचा जॅझ ग्रुप, हंगेरियन लोकगीतांची रेकॉर्ड, चार शतकांतल्या स्वीडिश संगीतावरची रेकॉर्ड, आणि ते पिप्पीचं गाणं. सिरीयल टीव्हीवर आली फेब्रुवारी 1969 मधे. मुलं ते गाणं गायला लागली तेव्हा तो नव्हता. गावाच्या हद्दीची पाटी आली तेव्हा मी हे सांगितलं. लेक मागे झोपली होती. बाबा म्हणाले, "सदतीस म्हणजे काय वय आहे का."

रीडेल पुढे पुष्कळ जगला, लिंडग्रेनबाईंच्या एमिलच्या आणि इतर गोष्टींना त्याने चाली दिल्या, त्याही आमच्याकडे बालवाडीतून आल्याच आहेत. तो 2024 च्या फेब्रुवारीत गेला, नव्वदीचा होऊन.

आणि यानची दोन मुलं! घरी आल्यावर रात्री नवऱ्याने शोधून काढलं. बाप गेला तेव्हा दोघंही लहान होती. आंदर्स आणि येन्स. दोघंही हेवी मेटलमधे. आंदर्स हॅमरफॉल बँडमधला ड्रमर होता, येन्स स्ट्रॅटोव्हेरिअस बँडचा कीबोर्डवाला, आणि त्याआधी दोघं इंग्वे मालमस्टीन या गिटारवाल्याबरोबर होते. नवऱ्याच्या हॉस्टेलच्या भिंतीवर मालमस्टीनचं पोस्टर होतं म्हणे, म्हणजे यानच्या घरातली गाणी तो माझ्याआधी वीस वर्षं ऐकत होता आणि नॉर्वे सोडल्याबद्दल मलाच बोलत होता. बापाने मुद्दाम ड्रम काढून टाकले आणि पोराने दोन पायांनी बडवायच्या जोडीच्या ड्रमवर करियर केलं. पण बापाच्या रेकॉर्डी नीट साफ करून परत बाजारात आणण्याचं काम याच दोघांनी केलं, त्यासाठी हेप्टागॉन नावाची स्वतःची कंपनी काढली. बाबांना दोन मिनिटं स्ट्रॅटोव्हेरिअस ऐकवलं. कीबोर्डचा तुकडा आला तेव्हा त्यांनी बोट वर केलं, "याचा हात मात्र चांगला तयार आहे", आणि मग आवाज कमी करायला सांगितला.

कुणाला ऐकायचं असेल तर सुरुवात 'याझ पो स्वेन्स्का'नेच करा, पण हेडफोन लावून, कॉफी शॉपमधल्यासारखं नको. मग 'याझ पो रिस्का'. त्याच्या 1961 च्या '8 बितार योहान्सन'मधे तो जास्त अमेरिकन जॅझच्या जवळ आहे, ते तिसऱ्या नंबरला ठेवा म्हणजे त्याने नंतर काय काय सोडलं ते कळेल. सोलरोनला जाणार असाल तर डासांचं औषध मोरातच घ्या, बेटावर शोधत बसू नका, आणि रविवारी बरीच दुकानं लवकर बंद होतात. गोटलंड बेटावर पिप्पीचं ते सिरीयलमधलं घर अजून आहे, विस्ब्यूजवळच्या पार्कात हलवून ठेवलेलं, लेकीने पुढच्या उन्हाळ्यासाठी तेच बुक करून टाकलंय.